समई, सिलिंडर आणि सुधारणा आवश्यक

अग्निसुरक्षेच्या कार्यशाळेचं उद्घाटन दीपप्रज्वलनानं झालं. दुसऱ्या कशानं होणार? आपल्याकडे पाणपोईचं उद्घाटनसुद्धा समई पेटवूनच करतात. पंख्याच्या वाऱ्यात काडी टिकेना. पंखे बंद केले, तर संस्थेच्या अध्यक्षांना घाम फुटला. सात काड्या संपल्यावर शिपाईमामांनी पुढं होऊन वातीवर कापराची वडी ठेवली. ज्योत अशी उसळली, की मागं टाचलेल्या ‘सुस्वागतम्’च्या कापडाला आता हिचं स्वागत करावं लागणार असं वाटलं. व्यासपीठावर बसलेले निवृत्त अग्निशमन अधिकारी खुर्चीतून अर्धे उठले, समई हातभर पुढं सरकवली आणि पुन्हा बसले. दिवसभरातलं सगळ्यात उपयोगी प्रात्यक्षिक ते होतं. फोटो मात्र काढायचा राहिला, म्हणून समई परत मागं सरकवली गेली.

आमची शाळा कोयनेच्या खोऱ्यातली. पहिली ते दहावी, एक मजला वर, एक खाली. मी मराठीची बाई. शनिवारची सकाळची शाळा म्हणजे साडेअकराला घरी, हा आमचा जन्मसिद्ध हक्क. पण त्या शनिवारी संस्थेनं ठरवलं की सकाळी ‘आपत्कालीन सुरक्षा’ आणि दुपारी ‘मूल्यमापन व श्रेणी’ अशी दोन प्रशिक्षणं एकाच दिवशी उरकायची. कारण शैक्षणिक नव्हतं. फलक एक, चहा एक, जेवण एक. प्रास्ताविकात हेडसर म्हणाले, “दोन्ही विषय वरवर वेगळे वाटले तरी दोन्ही आपत्तीचेच आहेत.” विनोद करायचा त्यांचा हेतू नव्हता. आम्ही हसलो ते त्यांनी ‘चर्चेत उत्साहपूर्ण सहभाग’ म्हणून धरलं असावं.

तसा शिक्षकाचा आणि आपत्तीचा संबंध कायद्यानंच जोडलेला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं लावता येत नाहीत. अपवाद तीन : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. आपत्तीला मधोमध बसवणाऱ्याला शिक्षकांची दुखरी नस ठाऊक असणार.

अधिकारीसाहेब उभे राहिले. मिशा पांढऱ्या, आवाज सायरनचा. पहिलाच प्रश्न : “शाळेत आग विझवायची सिलिंडरं किती आणि कुठं?”

किती, याचं उत्तर लगेच मिळालं. चार. शाळेच्या माहितीत तसं भरलेलं आहे. कुठं, याला वेळ लागला. एक हेडसरांच्या खोलीत, ढालींच्या कपाटामागं. एक प्रयोगशाळेत, आणि प्रयोगशाळेला कुलूप. तिसरं वरच्या व्हरांड्यात, पण मुलांचा हात पोचू नये म्हणून इतकं उंच टांगलेलं, की आमच्यापैकीही फक्त पीटीच्या सरांचा हात पोचतो, तोही उडी मारून. चौथं चोरीला जाऊ नये म्हणून भांडारखोलीत, पोत्याखाली. आमच्याकडे आगीपेक्षा चोरीवर जास्त विश्वास आहे.

साहेबांनी ढालींमागचं सिलिंडर काढलं. त्यावरच्या गोल काट्याकडे बोट दाखवून विचारलं, “काटा कुठल्या पट्ट्यात हवा?” हिरव्यात, हे पाचवीची मुलंही सांगतील. आमचा लाल पट्ट्यात आडवा झाला होता. गळ्यातल्या चिठ्ठीवरची तारीख गणिताच्या सरांनी चष्मा सावरून वाचली. शेवटचं भरलं तेव्हा आत्ताची दहावी पाचवीत होती.

“मुलं पाच वर्षं पुढं गेली, हे तिथंच राहिलं,” साहेब म्हणाले.

“ह्याला नापास करता येत नाही का?” इंग्रजीच्या बाई पुटपुटल्या.

मग आगीचे वर्ग आले. आगीलाही वर्गवारी असते हे ऐकून स्टाफ सावरून बसला. हा आपला प्रांत. लाकूड, कागद, कापड यांची ती ‘ए’ वर्गाची. पेट्रोल, रॉकेलसारख्या द्रवांची ‘बी’. गॅसची ‘सी’. मॅग्नेशियमसारख्या धातूंची ‘डी’. “म्हणजे आपल्या दप्तरखोलीत लागली तर ए,” क्लार्क अभिमानानं म्हणाले. गणिताच्या सरांनी गंभीरपणे विचारलं, “ए-वन आणि ए-टू असं काही आहे का?” साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘तेल पेटलं तर त्यावर पाणी ओतायचं नाही, विजेच्या आगीवर तर मुळीच नाही,’ हे त्यांनी तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा आमच्यातल्या कुणी ना कुणी बादलीबद्दल विचारलं. भिंतीवर टांगलेल्या लाल बादल्यांवर आमची फार श्रद्धा. त्यांत वाळू असायला हवी, हे नवीन कळलं. आमच्या बादल्यांत आंब्याच्या कोयी होत्या.

प्रात्यक्षिकासाठी पटांगणात लोखंडी घमेल्यात डिझेलचे बोळे पेटवले. साहेबांनी स्वतःच्या गाडीतून भरलेली सिलिंडरं आणली होती. आमच्यावर त्यांनी पहिल्यापासूनच भरवसा ठेवलेला नव्हता. कृती चार : पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी रोखा, दांडा दाबा, डावीउजवीकडे फिरवत न्या. “ज्वाळेवर मारू नका, बुडाशी मारा. आणि घाई करा. सहा किलोचं सिलिंडर पंधरावीस सेकंदांत रिकामं होतं.” हेडसरांचं प्रास्ताविक बावीस मिनिटं चाललं होतं, तेव्हा पंधरावीस सेकंदांत एखादं काम आटोपायचं या कल्पनेनंच ते गोंधळले असावेत. त्यांनी नेम धरला तो ज्वाळेच्या शेंड्यावर. पांढरी भुकटी घमेल्यावरून अलगद निघाली आणि पाहुण्यांच्या रांगेवर उतरली. अध्यक्षांचा काळा सफारी क्षणात संगमरवरी झाला. आग तशीच होती. ती इतिहासाच्या बाईंनी विझवली, पहिल्या फटक्यात, पदर खोचून. “घरी रोज दूध उतू जातं,” एवढंच त्या म्हणाल्या.

हशा ओसरल्यावर साहेबांनी एक गोष्ट सांगितली, आणि तिच्यात विनोद नव्हता. १६ जुलै २००४. तमिळनाडूत कुंभकोणमची एक शाळा. दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातली ठिणगी, वर गवताचं छप्पर, वर्गात खच्चून भरलेली लहान मुलं, बाहेर पडायला अरुंद वाट. ९४ मुलं गेली. पुढं १३ एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. शाळांत आग विझवायची साधनं हवीत आणि ती वापरायचं शिक्षकांना शिकवायला हवं. “तुम्ही आज इथं बसलायत ते त्या मुलांमुळं,” साहेब म्हणाले. त्याच वेळी मागच्या पत्र्याच्या शेडमधून खिचडीच्या फोडणीचा वास आला. सगळ्यांनी एकदम तिकडं पाहिलं. शेड पहिलीच्या वर्गाला लागून आहे आणि गॅसचा सिलिंडर भिंतीच्या सावलीत, म्हणजे पहिलीच्या खिडकीखाली ठेवलेला असतो. हेडसर काही न बोलता उठले आणि मामांना घेऊन मागं गेले. चहा त्या दिवशी पंधरा मिनिटं उशिरा आला. सिलिंडर हलवल्याशिवाय गॅस पेटवू दिला नाही त्यांनी. या एका गोष्टीसाठी हेडसरांचं प्रास्ताविक मी माफ केलं.

भूकंपाच्या बाबतीत मात्र साहेबांची गाठ चुकीच्या गावाशी होती. शहरात भूकंप समजावून सांगावा लागतो. आमच्याकडे हादरा बसला की लोक भांडी मोजतात आणि पुढच्या कामाला लागतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा भूकंप मामांच्या आईनं पाहिला. ती गोष्ट मामा दरवर्षी सातवीला सांगतात आणि दरवर्षी तिच्यात एखादं घर जास्त पडतं. साहेबांनी सांगितलं : खाली बसा, बाकाखाली शिरा, डोकं झाका, बाकाचा पाय घट्ट धरा. शास्त्रोक्त आहे, बरोबर आहे. अडचण एवढीच की आमच्या सातवीत बासष्ट मुलं आणि एकवीस बाकं. एका बाकाखाली तीन मुलं, तीन दप्तरं आणि तीन पाण्याच्या बाटल्या. त्यातून कोणत्याही तासाला दोघं तिथं आधीच असतात, पडलेली पेन्सिल शोधत. “आमची निम्मी तयारी झालेली आहे,” भूगोलाचे सर म्हणाले.

शिक्षकांनाही करून दाखवायचं होतं. हेडसर टेबलाखाली गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकदिलानं खिडकीबाहेर पाहिलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत स्टाफची एवढी एकजूट मी पहिल्यांदा पाहिली. मामा दारात उभे राहून म्हणाले, “साहेब, कोयनेचा बी पहाटं आला, किल्लारीचा बी पहाटंच. शाळंच्या टायमाला कुठं येतोय?” ऐतिहासिकदृष्ट्या ते बरोबर होते. साहेबांनी उत्तर दिलं, “त्याला वेळापत्रक दिलंय का तुम्ही?” मामा गप्प झाले. शाळेत वेळापत्रक पाळलं जात नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पावणेअकराला खरी परीक्षा. मॉक ड्रिल. वरच्या मजल्यावर आग लागली असं समजायचं, घंटा वाजवायची, मुलांनी दप्तरं जागेवर सोडून रांगेत पटांगणात यायचं, वर्गशिक्षकांनी हजेरीपट घेऊन शेवटी निघायचं, खाली हजेरी घ्यायची. गणिताच्या सरांच्या हातात घड्याळ.

घंटा कशी वाजवायची यावर पाच मिनिटं चर्चा झाली आणि ‘सलग, न थांबता’ असं ठरलं. इथंच घात झाला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला विचारा, सलग न थांबता वाजणारी घंटा म्हणजे काय. शाळा सुटली! वरच्या मजल्यावरून जो जल्लोष उठला, तसा आवाज कुठल्याही आगीत ऐकू येणार नाही. मुलं दप्तरासकट निघाली. सातवीचा वर्ग पटांगणावर थांबलाच नाही, मुख्य फाटकातून सरळ घराकडे गेला. पीटीच्या सरांना मोटारसायकलवरून त्यांना आडवं जावं लागलं. चौथीच्या बाई जिन्यात उभ्या राहून “दप्तरं ठेवा, दप्तरं ठेवा” असं ओरडत होत्या, म्हणून चौथीची मुलं दप्तरं ठेवायला परत वर चढत होती. उतरणारा आणि चढणारा असे दोन प्रवाह मधल्या पायरीवर भेटले आणि तिथंच थांबले.

मागच्या बाजूला दुसरा जिना आहे. चित्रकलेच्या सरांनी भिंतीवर तिकडं जाणारा सुंदर हिरवा बाणही काढलेला आहे. बाणाच्या टोकाला मोडकी बाकं छतापर्यंत रचून ठेवली होती. ती टाकून देता येत नाहीत, कारण त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव गेलेला आहे. आणि जाळता येत नाहीत, कारण ती सरकारी मालमत्ता आहे. साहेब म्हणाले, “जाळायची काळजी करू नका, ती आपोआप जळतील.” जिन्याखाली मागचं फाटक, फाटकाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली हेडसरांच्या खणातल्या चाळीस किल्ल्यांच्या जुडग्यात. कुठली ते सांगणारे शिपाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मामांनी शेवटी धोंडा घेतला.

शिक्षक बाहेर आले ते प्रत्येक जण काही ना काही वाचवून. संस्कृतच्या बाईंनी डबा आणला. विज्ञानाच्या सरांनी छत्री. मी खोटं बोलत नाही, मी माझी आकारिक मूल्यमापनाची नोंदवही छातीशी धरून आले होते. हजेरीपट वर राहिला. साहेबांनी विचारलं, “ही का?” मी म्हटलं, “साहेब, मुलं परत वर्गात बसवता येतात. या नोंदी परत लिहायला लागल्या तर मी जगणार नाही.”

अकरा मिनिटांनी हजेरी झाली. दोन मुलं जास्त भरली. ती त्या दिवशी गैरहजर होती. आग बघायला कुंपणावरून आली होती.

जेवणात मठ्ठा चांगला होता. त्याबद्दल दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

दुपारचं सत्र एका तरुण साधनव्यक्तीकडं होतं. त्यांच्याजवळ पडद्यावर दाखवायची सत्तर चित्रं होती, आणि बाराव्या चित्राला वीज गेली, त्यामुळं त्यांना शिकवावं लागलं. मुलगा हुशार होता. त्यानं पाया सांगितला : २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला तशी आठवीपर्यंतची नापासी गेली आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. परीक्षेच्या एका दिवसावर मुलाचा निवाडा नको. वर्षभर पाहा, ऐका, करून घ्या. कल्पना सोन्यासारखी. तिची शाळेत पोचेपर्यंत नोंदवही झाली. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर अशी आठ साधनं, गुणिले विषय, गुणिले बासष्ट मुलं. श्रेणी नऊ. ९१ च्या पुढं अ-१, आणि विसाच्या आत इ-२. मूल ‘इ’त गेलं तर त्याला जादा मार्गदर्शन करून किमान ‘ड’पर्यंत वर आणायची जबाबदारी शिक्षकाची. सकाळच्या भाषेत सांगायचं तर, जिन्यावरून उतरवायचं नाही, चढवायचं. आता २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे, पुन्हा एक संधी म्हणून पुनर्परीक्षा आहे, आणि तिथंही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. थोडक्यात, तेरा वर्षांनी घंटा परत सलग वाजली, आणि दप्तर घ्यायचं की ठेवायचं हे आमच्यातल्या अनेकांना अजून कळलेलं नाही.

खरी कला श्रेणीत नाही, वर्णनात्मक नोंदीत आहे. प्रगतिपुस्तकात तीन रकाने : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. मुलाबद्दल वाईट शब्द लिहायचा नाही. हे योग्यच आहे. माझ्या लहानपणी प्रगतिपुस्तकात ‘मठ्ठ’ असं लाल शाईनं लिहिलेलं मी शेजारच्या मुलाच्या घरी पाहिलं आहे आणि ते अक्षर तो विसरला नसेल. पण ‘वाईट लिहू नका’ हे सांगितल्यावर मास्तर ‘खरं लिहू नका’ असं ऐकतो. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात आणि मोबाईलवर एकमेकांना पाचपाचशे नोंदी पाठवल्या जातात. इतक्या वर्षांच्या अनुभवावर मी त्या उलट वाचू शकते. ‘संवादकौशल्य विशेष आहे’ म्हणजे तास घेऊ देत नाही. ‘सहाध्यायींच्या मदतीने शिकतो’ म्हणजे पेपर बघून लिहितो. ‘परिसराचे सूक्ष्म निरीक्षण करतो’ म्हणजे खिडकीजवळ बसतो. ‘नेतृत्वगुण दिसतात’ असं असेल तर पालकांना भेटायलाच बोलावलेलं असतं. माझ्या वर्गात एकदा नजरचुकीनं एकाच नोंदीची प्रत एकोणीस मुलांच्या पुस्तकात गेली आणि एकोणीस मुलं ‘सुंदर रांगोळी काढते’ निघाली. त्यांतले अकरा मुलगे होते. एकाही पालकाची तक्रार आली नाही. एका वडलांनी मात्र दिवाळीत मुलाला रंग आणून दिले आणि पोरानं खरंच बरी रांगोळी काढली. तेव्हापासून माझा या पद्धतीवर थोडा विश्वास बसला आहे.

नव्या समग्र प्रगतिपत्रकाचा विषय निघाला तेव्हा पहिली-दुसरीच्या बाई सरसावल्या. लहान मुलांना अ-ब-क नको, म्हणून पायऱ्यांना प्रवाह, पर्वत आणि आकाश अशी नावं सुचवलेली आहेत. मूल आधी वाहू लागतं, मग उंची गाठतं, मग आकाश मोकळं. ऐकायला फार गोड. पण आम्ही सकाळपासून आपत्तीच्या तालमीत होतो. भूगोलाचे सर वहीत बघत म्हणाले, “प्रवाह म्हणजे पूर. पर्वत म्हणजे दरड. आकाश म्हणजे वीज. आपल्या तालुक्यात तिन्ही आहेत.” हॉल पाच मिनिटं आवरेना. साधनव्यक्तीही हसला. एका बाईंनी मात्र प्रामाणिक अडचण सांगितली. त्यांनी एका आईला “तुमचा मुलगा प्रवाह आहे” असं सांगितलं, तर ती म्हणाली, “व्हय बाई, नाक कायम वाहतंय त्याचं.”

शेवटी गटकार्य. साधनव्यक्तीच्या डोक्यातून एक चांगली कल्पना निघाली : सकाळच्या मॉक ड्रिलचा अहवाल प्रगतिपुस्तकाच्या तीन रकान्यांत लिहा. आमच्या गटाचं लेखन माझ्याकडं आलं, मराठीची बाई म्हणून. मी लिहिलं. विशेष प्रगती : ‘शाळा बाहेर पडण्याचा प्रयत्न करते. उपस्थिती शंभर टक्क्यांहून अधिक.’ आवड व छंद : ‘मोडकी बाकं जमवणे. कुलपं लावणे.’ सुधारणा आवश्यक, या रकान्यात मी नेहमीच्या सवयीनं ‘प्रोत्साहनाची गरज’ असं लिहिलं आणि खोडलं. त्या जागी ‘मागचा जिना मोकळा करणे, फाटकाचे कुलूप काढणे, चार सिलिंडर भरून हाताच्या उंचीवर लावणे, धोक्याची घंटा वेगळी ठरवणे’ असं लिहिलं. वाचून दाखवल्यावर हेडसर म्हणाले, “बाई, भाषा जरा सौम्य करता येईल का?” साहेब जायला निघाले होते, ते दारातच थांबले. “नको,” म्हणाले, “आगीला सौम्य वाचता येत नाही.” कागदावर त्यांनी सही केली. श्रेणी विचारली तर म्हणाले, “अजून वर्षभर पाहतो.”

अभिप्राय-पत्रकात ‘प्रशिक्षण कसे वाटले’ याखाली आम्ही सगळ्यांनी ‘अत्यंत उपयुक्त’ लिहिलं. समई मामांनी फुंकर न मारता फुलानं शांत केली.

मंगळवारपर्यंत जिना मोकळा झाला. बाकं सध्या पटांगणाच्या कोपऱ्यात निर्लेखनाची वाट पाहत पावसात भिजताहेत. चार सिलिंडरं भरायला गेली आहेत. धोक्याची खूण म्हणून आता शिट्टी ठरली आहे. ती पीटीच्या सरांच्या गळ्यात असते, आणि ते रजेवर असले की धोका दुसऱ्या दिवसावर जातो.

मागच्या फाटकाला आता कुलूप नाही. बुधवारी मधल्या सुट्टीआधी दोन मिनिटं, बाई फळ्याकडं वळल्या असताना, वरच्या मजल्यावरचा आठवी ‘ब’चा अख्खा वर्ग मागच्या जिन्यानं उतरून फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाडीवर गेला. गणिताचे सर योगायोगानं व्हरांड्यात होते आणि त्यांनी घड्याळ लावलं. बेचाळीस मुलं, एक मिनिट पन्नास सेकंद. कुणी ओरडलं नाही, कुणी धक्का दिला नाही. सर वर्गात जाऊन बघून आले. दप्तर एकानंही उचललं नव्हतं.